फिकट पिवळं, दोन अक्षरी

हेमांगी सोसायटीच्या स्मरणिकेचं तेविसावं पान रिकामं राहिलं आणि तिथूनच सगळी वाट लागली.

ते पान खरं तर मिठाईवाल्याच्या जाहिरातीचं. पण मिठाईवाल्याने ऐन वेळी माघार घेतली. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. ज्या बिल्डिंगमधली बत्तीस बिऱ्हाडं पुढच्या महिनाअखेरीला खोके बांधून कुणी भांडुपला, कुणी मालाडला, कुणी ठाण्याच्या पलीकडे पांगणार, त्यांना आपल्या पेढ्यांची आठवण करून देऊन तो काय मिळवणार? मुलुंड पूर्वेची ही तीन मजली, दोन विंगची, बिनलिफ्टची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती. तीन वर्षांत टॉवर उभा करतो असं बिल्डर म्हणतो, म्हणजे पाच धरा. त्याआधी एक शेवटचं स्नेहसंमेलन आणि त्यात एक स्मरणिका, असं कमिटीने ठरवलं होतं.

"पान कोरं गेलं तर बरं दिसणार नाही," सेक्रेटरी जयवंतराव मीटिंगमध्ये म्हणाले. "कुणाकडे काही आहे का? कविता सोडून."

कविता सोडून, कारण कवितांची ऑलरेडी अकरा पानं झालेली. त्यातल्या सात 'माझी बिल्डिंग' ह्याच नावाच्या, आणि सातही जणांना वाटत होतं की बाकीच्या सहांनी चोरलंय.

मागच्या खुर्चीवरून मुकुलचा हात वर गेला. मुकुल सत्तावीस वर्षांचा, ऐरोलीला एका कंपनीत बसून परदेशातल्या लोकांना 'कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा' असं इंग्रजीत सांगणारा मुलगा. सोसायटीच्या मीटिंगला तो आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला. पहिल्यांदा आला तेव्हा आईच्या मांडीवर होता.

"मी शब्दकोडं करतो," तो म्हणाला.

जयवंतरावांनी मिनिट्सच्या वहीत लिहिलं, 'श्री. मुकुल यांनी शब्दकोडे रचण्याची तयारी दर्शविली.' स्वतःच्या नावाआधी श्री. बघून मुकुलला उगाचच भारी वाटलं. पुढच्या पंधरा दिवसांत ते भारी वाटणं हप्त्याहप्त्याने उतरलं, पण त्या संध्याकाळी मात्र वाटलं.

आता त्याने हात का वर केला, ते सांगायला पाहिजे. त्याला ना स्मरणिकेत नाव छापून यायची हौस होती, ना मिठाईवाल्याच्या जागेची दया. त्याला कुंदाकाकू दिसत होती.

कुंदाकाकू म्हणजे पहिला मजला, समोरचं दार. मुकुल शाळेत होता तेव्हा त्याचे आईबाबा दोघं ऑफिसात, आणि घराची किल्ली काकूकडे. तीन ते सात तो तिच्या स्वयंपाकघरात. काकू ओट्यावर पेपर पसरायची, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची आणि दूध तापेपर्यंत शब्दकोडं सोडवायची. अडली की विचारायची. अडली नाही तरी विचारायची.

"मुकल्या, फिकट पिवळं, दोन अक्षरी, दुधावर येतं?"

"साय!"

"बरोबर. घे, खा."

हा तिचा नियम. उत्तर खाण्यासारखं असेल आणि घरात असेल, तर ते मिळणार. फिकट पिवळं, दोन अक्षरी, कढवल्यावर मिळतं? तूप. गरम पोळीवर तूप आलं. फिकट पिवळं, चार अक्षरी, गाय व्यायली की? खरवस. त्याला मात्र पंधरा दिवस थांबावं लागलं, कारण भांडुपच्या गवळ्याची गाय ऐनवेळी अडून बसली. पण खरवस आला. बाकीची पोरं पाढे पाठ करायची, मुकुल उत्तरं खायचा. सगळी उत्तरं फिकट पिवळी का असायची हे त्याने कधी विचारलं नाही. काकूच्या घरातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी त्याच रंगाच्या असतात अशी त्याची समजूत होती. बिल्डिंगसुद्धा त्याच रंगाची.

आणि आता हीच काकू दिवाळीपासून पेन्सिल हातात धरत नव्हती. पेपर यायचा, घडी मोडायची, परत घडी व्हायची, रद्दीत जायचा. कोडं कोरंच्या कोरं.

"हल्ली फालतू देतात रे कोडी," ती म्हणायची.

फालतूबिलतू काही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की तिचं एकच, "पिकला नाही अजून. पिकू दे."

तिचा मुलगा अनय मालाडहून फोनवर ओरडायचा, "आई, हल्ली कुणी पिकायची वाट बघत नाही! आंबा आहे का तो?"

"माझा डोळा आहे. मी बघेन काय ते."

पुढच्या महिनाअखेरीला ती त्याच अनयकडे जाणार होती. मालाडला, तेराव्या मजल्यावर, जिथे पेपर येतच नाही, सगळे मोबाइलवर वाचतात. मुकुलने मनात पक्कं धरलं होतं की काकूने पेन्सिल उचलली तर इथेच, जायच्या आधी. तिकडे गेल्यावर संपलं. मग ती नुसती बाल्कनीत बसलेली एक म्हातारी होणार, आणि ते त्याला चालणार नव्हतं.

म्हणून त्याचं शब्दकोडं ठरलं. सात बाय सात. पूर्ण पानभर. एकेक चौकोन कॅरमच्या सोंगटीएवढा, काकूला चष्म्याशिवाय दिसेल असा. आणि सगळी उत्तरं फिकट पिवळी, तिच्याच ओट्यावरची. एका रविवारी बसून त्याने ते केलं. झकास झालं होतं. त्याने ते कमिटीला दाखवलं, आणि तीच चूक झाली.

कमिटीने 'शब्दकोडे उपसमिती' नेमली. हेमांगी सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं तरी उपसमिती लागते, तेव्हा हे होणारच होतं. उपसमितीत तिघं. अध्यक्ष जयवंतराव. दुसरे ए विंगचे श्यामसुंदरकाका, मंत्रालयातून रिटायर झालेले पण अजून घरच्या किराणा यादीवर 'आवश्यक कार्यवाहीस्तव' असा शेरा मारणारे. आणि तिसऱ्या म्हणजे तळमजल्यावरच्या शकुमावशी, मानखुर्दच्या शाळेत मुख्याध्यापिका, समोर कुणीही असो त्याला उभं राहून उत्तर द्यायला लावणाऱ्या.

"विषय चांगला आहे," श्यामसुंदरकाका म्हणाले. "पण ह्यात कार्यालयीन जीवनाचं प्रतिबिंब नाही. फाइल घाल. सरकारी फाइल फिकट पिवळी असते."

"आणि खीर कुठाय?" शकुमावशींनी विचारलं. "बुद्धपौर्णिमेला मी सगळ्या बिल्डिंगला देते. तुला तर दोन वाट्या लागायच्या. विसरलास? उभा राहा, उभा राहून सांग."

मुकुल उभा राहिला. खीर घातली, फाइल घातली. सात बाय सातचं नऊ बाय नऊ झालं. चौकोन सोंगटीवरून शर्टाच्या बटणावर आले.

मग कढी निघाली. मुकुलच्या मूळ कोड्यात कढी होतीच. श्यामसुंदरकाकांनी चष्मा काढला. "कढी पिवळी? आमच्याकडे कढी पांढरी असते."

"हळद नाही घालत?" शकुमावशी.

"कढीत? हळद?"

"मग काय, आजारी माणसाला देता का ती?"

कढीवर पाऊण तास गेला. श्यामसुंदरकाकांच्या तीन पिढ्या आणि शकुमावशींचं अख्खं सासर-माहेर त्यात येऊन गेलं. शेवटी जयवंतरावांनी मतदान घेतलं, ते एक-एक पडलं, आणि अध्यक्षांनी आपलं मत राखून ठेवलं, कारण त्यांच्या बायकोला कढी आवडत नव्हती आणि त्यांना ह्या विषयावर काही बोलायची परवानगी नव्हती. तोडगा असा निघाला की सूचक वाक्यात 'काही घरांत' असं घालायचं.

तेवढ्यात जयवंतरावांच्या लक्षात आलं की ए विंगचे पाच शब्द झाले आणि बी विंगचे तीनच. "हे बरं नाही दिसत. आधीच पार्किंगवरून बोलतात लोक." मग बी विंगच्या दारोदार फिरून दोन शब्द गोळा करायचं काम मुकुलकडे. दोनच्या ठिकाणी चौदा आले. नाही कुणाला म्हणणार? माणसं महिन्याभरात जाणार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मालनआजींनी त्याला आत बसवून लग्नातल्या शालूचा तुकडा दाखवला आणि म्हणाल्या, "हा रंग बघ. आता उडालाय, पण हाच होता." शालू घातला. एकाच्या गॅलरीतला सोनचाफा घातला. एकाने मेणबत्ती दिली, लाइट जायची तेव्हा सगळे जिन्यात बसायचे म्हणून. मुकुलला मेणबत्ती नको म्हणवेना, तोही त्या जिन्यात बसायचा. पंधरा बाय पंधरा झालं. चौकोन बटणावरून तूरडाळीवर आले.

"अरे पण हे काकूला दिसणार कसं?" मुकुलने धम्मपालला विचारलं.

धम्मपाल शकुमावशींचा मुलगा आणि मुकुलचा पहिलीपासूनचा दोस्त. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम करतो, त्यामुळे रेघ वाकडी दिसली की त्याला झोप येत नाही. त्याने कागद डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"मलाच दिसत नाहीये यार," तो म्हणाला.

इथे थांबले असते तरी ठीक. पण कोड्यात 'आपल्या बिल्डिंगचा रंग' असा एक सूचक होता आणि जयवंतरावांना रात्री शंका आली. बिल्डरच्या करारात बिल्डिंगचं वर्णन कुठेतरी आहे. तिथे रंग वेगळा असेल तर? छापील पुरावा होईल ना तो आपल्याच विरुद्ध! मूळ कागद पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. मुकुलने हाफ डे टाकला.

तिथल्या क्लार्कबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शब्दकोडं, उपसमिती, कढी, सगळं. मग म्हणाल्या, "रंग आमच्याकडे नसतो. आमच्याकडे उंची असते."

"मग रंग कुणाकडे असतो?"

"रंग कुणाकडेच नसतो हो. ज्याला जसा आठवेल तसा." त्यांनी कोड्याचा कागद ओढून घेतला आणि टिफिन उघडता उघडता तीन शब्द भरूनही टाकले. वर म्हणाल्या, "सहा उभा चुकलाय तुमचा. आलं आतून पिवळं असतं, बाहेरून नाही. नीट लिहा ना."

हाफ डे फुकट, आणि वर चूक काढून घेऊन मुकुल परत आला. करारात रंगाचा उल्लेखच नव्हता हे जयवंतरावांना नंतर सापडलं. करार त्यांच्याच कपाटात होता.

मग आलं छापणं. इथे कुणाचा दोष म्हणायचा हे मुकुलला आजही कळलेलं नाही, त्यामुळे तो स्वतःचाच म्हणतो. झालं असं की जयवंतरावांना वाटलं, विषय फिकट पिवळा आहे तर कोडंही त्याच रंगात छापावं. शोभा येईल. धम्मपालने तसं करून, मागे पांढरा रंग न भरता, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. आता जयवंतरावांच्या मोबाइलचा पडदा नातवाने काळा करून ठेवलेला, डोळ्यांना त्रास नको म्हणून. काळ्यावर ते फिकट पिवळे चौकोन असे काही उठून दिसले, जणू शाळेचा फळा. जयवंतरावांनी अंगठा दिला. उपसमितीचे बाकीचे दोघं ते बघायला जयवंतरावांच्याच घरी आले, कारण त्यांच्या फोनमधला डेटा संपलेला. त्यांनीही अंगठे दिले. धम्मपाल म्हणाला, "काका, कागदावर एकदा बघू या का?" त्यावर श्यामसुंदरकाका म्हणाले, "एकमताने मंजूर झालेल्या विषयावर फेरविचार होत नाही."

रविवारी सकाळी बत्तीस घरांत बत्तीस स्मरणिका गेल्या. तेविसाव्या पानावर, पांढऱ्याशुभ्र कागदावर, फिकट पिवळ्या शाईत पंधरा बाय पंधराचं शब्दकोडं छापलेलं होतं. म्हणजे नव्हतंच. पान कोरं होतं. मिठाईवाल्याने सोडलं होतं अगदी तसं.

मुकुलने ते उघडलं आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला. पंधरा दिवस, एक हाफ डे, उभं राहून दिलेली उत्तरं, सगळं ह्या कोऱ्या पानासाठी.

खरी गंमत तर पुढे आहे, आणि ती मुकुलला दोन दिवसांनी कळली. बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने तक्रार केली नाही. ज्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा रंग अर्ध्या शेडने बदलला तर सेक्रेटरीच्या दारात सहा माणसं उभी राहतात, तिथे एक पान कोरं छापलं गेलं आणि सगळीकडे सामसूम. कारण जो तो समजला की कोडं आहे, आपल्यालाच दिसत नाहीये. बहुतेक साठीच्या वरची माणसं ती. डोळे कधीतरी जाणारच होते, ते आज गेले, एवढंच.

श्यामसुंदरकाकांनी पान बाल्कनीत नेऊन उन्हात धरलं. काहीतरी हललं. ती मुंगी होती. ते गुपचूप स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे बाकावर जयवंतराव बसलेले.

"तुम्ही इथे?"

"काही नाही, चष्म्याचा स्क्रू. तुम्ही?"

"माझाही स्क्रूच."

आतून शकुमावशी बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे दोघांना त्यांनी ओळखलं नाही. पण आवाजावरून ओळखलं, आणि म्हणाल्या, "स्क्रू ना? माझाही तोच होता. डॉक्टर म्हणाला काही झालेलं नाही, पान दाखवा. दाखवलं. तो म्हणतो, बाई, ह्यात काही छापलेलंच नाही."

दोघांनी आपापल्या स्मरणिका हळूच पिशवीत सरकवल्या.

पण मुकुलला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो रविवारी दुपारीच काकूकडे गेला होता. काकू खिडकीजवळ, मांडीवर तेविसावं पान. ती बोट फिरवत होती कागदावरून, डावीकडून उजवीकडे, जणू चौकोन मोजतेय.

"छान झालंय रे," ती म्हणाली. "केवढं मोठं केलंस. जमेल तसं सोडवते."

मुकुल तिच्या बोटाकडे बघत राहिला. कोऱ्या पानाला ती छान म्हणत होती. म्हणजे दिवाळीपासून ती सगळ्यांशी हेच करत आली होती तर. अनयच्या मुलीने काढलेली चित्रं छान. मालनआजींचं विणकाम छान. दिसत काहीच नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून सगळंच छान.

"काकू, त्यात काही दिसत नाहीये," तो म्हणाला.

"असं कसं? मला दिसतंय की."

"काकू, मला पण नाही दिसत."

काकूने मान वर केली. "खोटं बोलतोस. माझं मन राखायला."

"देवाशपथ. वाट लागलीय कोड्याची. छापताना गेलं."

तिचा विश्वास बसला नाही. मुकुलने समजावलं, शाई, पांढरा कागद, जयवंतरावांचा काळा मोबाइल. तिने मान हलवली, पण पान घडी करून बाजूला ठेवलं, आणि चहा टाकते म्हणून उठली. मुकुलला कळलं, आता ती पेन्सिल कायमची गेली. ह्याच्यापेक्षा पान मिठाईवाल्याला दिलं असतं तर बरं झालं असतं.

स्नेहसंमेलन पुढच्या रविवारी, चार वाजता, खाली कंपाउंडमध्ये. तोवर डॉक्टरकडची बातमी बिल्डिंगभर झाली होती. शकुमावशींनीच केली. संमेलनाच्या दुपारीही त्या जिन्यात उभ्या राहून मोठ्याने सांगत होत्या, "अख्खी सोसायटी आंधळी समजत होती स्वतःला! तो डॉक्टर म्हणाला, हेमांगीवाले आज इतके कसे काय?" आणि हे पहिल्या मजल्यावर, काकूच्या उघड्या दारासमोर.

काकू बाहेर आली. "म्हणजे खरंच कुणालाच दिसलं नाही?"

"एकालाही नाही!"

"श्यामसुंदरला?"

"त्याला मुंगी दिसली!"

काकू हसायला लागली. जिन्याचा कठडा धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोरच्या दारात धम्मपालबरोबर उभ्या असलेल्या मुकुलने तिला असं हसताना दिवाळीपासून बघितलं नव्हतं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि वर बघून म्हणाली, "मग मुकल्या, नुसता उभा काय राहिलायस? एवढ्या लोकांचे शब्द घेतलेस. सांग ना लोकांना."

"कसं सांगू? पान तर..."

"पानाचं काय घेऊन बसलास? जमीन आहे ना!"

कंपाउंडची जमीन शहाबादी लाद्यांची. चौकोनी. चाळीस वर्षं रोज पायाखाली असलेला तो चौकटींचा कागद कुणालाच दिसला नव्हता. धम्मपाल खाली पळाला, शकुमावशींच्या शाळेचा खडूचा डबा घेऊन. पंधरा लाद्या आडव्या, पंधरा उभ्या. काळे चौकोन कोळशाने. एक अडचण होती. सात आडव्यावर श्यामसुंदरकाकांची गाडी, कव्हर घालून, नऊ वर्षं न हललेली.

"गाडी हलवता येणार नाही," श्यामसुंदरकाका म्हणाले. "तशी परवानगी घेतलेली नाही."

"कुणाची परवानगी?"

"माझी."

आठ जणांनी ढकलली. खाली नऊ वर्षांची पानं, एक बॅडमिंटनचं फूल, आणि धम्मपालने तिसरीत हरवलेली कंपासपेटी. सात आडवा मोकळा झाला.

काकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मुकुल मधोमध उभा राहून वाचायला लागला.

"एक आडवा! फिकट पिवळं, चार अक्षरी, गाय व्यायली की!"

"खरवस!" गॅलरीतून काकू. बाकीचे तोंड उघडायच्या आत. धम्मपालने चार लाद्यांवर चार अक्षरं लिहिली, परातीएवढी.

"दोन उभा, तीन अक्षरी! चकचकीत टेबलांवर धूळ खात पडते!"

"फाइल!" हे श्यामसुंदरकाका. त्यांना एवढं सोपं पडलं म्हणून त्यांनी टाळ्याही वाजवून घेतल्या.

बी विंग विरुद्ध ए विंग सुरू झालं. मालनआजींचा शालू आला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी तोंड पदराआड केलं. मेणबत्ती आली तेव्हा कुणीतरी जिन्यातली जुनी भुताची गोष्ट सांगायला लागलं आणि त्याला गप्प करावं लागलं. कढीवर परत भांडण झालं. ते व्हायलाच हवं होतं, नाहीतर संमेलनासारखं वाटलं नसतं. 'काही घरांत' हे शब्द मुकुलने दोनदा मोठ्याने वाचले तरी उपयोग झाला नाही. चार ते सहा वाजेपर्यंत सगळी बिल्डिंग त्या लाद्यांभोवती उभी होती, आणि कुणी बिल्डरचं नाव काढलं नाही.

काकू मात्र अर्ध्याहून जास्त शब्द वरूनच सांगत होती. अक्षरं तिला दिसत होती. लाद्याच तेवढ्या मोठ्या होत्या. शेवटचा शब्द राहिला. मुकुलने तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"फिकट पिवळं, दोन अक्षरी, दुधावर येतं?"

माहीत सगळ्यांना होतं, पण सगळे वर बघत होते. गॅलरीत खुर्ची रिकामी.

दोन मिनिटांनी काकू जिन्यातून बाहेर आली. कठडा सोडून, एक हात भिंतीला लावत. डिसेंबरपासून ती पहिल्यांदा खाली उतरली होती. धम्मपालच्या हातातून तिने खडू घेतला, आणि मुकुलचा खांदा धरून खाली वाकली.

"सा," तिने एका लादीवर लिहिलं. अक्षर थोडं तिरकं गेलं. धम्मपालने बघितलं आणि पुसायला नेलेला हात मागे घेतला.

"य."

टाळ्या पडल्या. काकू सरळ उभी राहिली, खडूचा हात पदराला पुसला, आणि म्हणाली, "अनयला फोन लाव. त्या डॉक्टरचं काय ते म्हणत होता, ते विचार. पण आधी एकच डोळा. एकदम दोन नाही."

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं, वीस मिनिटांत. उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दुपारी तिने मुकुलला हाक मारली. तो गेला तर ओट्यावर स्मरणिका उघडी. तेविसावं पान. त्यावर पेन्सिलीने भरलेली अक्षरं, चौकोनात नीट बसलेली.

"काकू, हे तुला दिसलं?"

"ह्या डोळ्याने. स्वच्छ दिसतं. पांढरं वेगळं, पिवळं वेगळं." तिने डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. "ह्याने सगळंच सारखं पिवळं. त्यामुळे तुझं पान कोरं." मग तिने पेन्सिल अंबाड्यातून काढून त्याच्याकडे रोखली. "पण मुकल्या, चुका आहेत तुझ्या. साय बघितली आज. पांढरी आहे रे. पांढरीच. तुपाला अर्धा मार्क. खीर बरोबर. एकूण बावीसपैकी साडेतेरा."

मुकुलच्या स्वाभिमानाला ते लागलं. वॉर्ड ऑफिसात लागलं त्याहून जास्त. "काकू, साय फिकट पिवळी असते हे तूच मला सांगितलंस! सहा वर्षांचा होतो मी!"

"मला दिसत होती तशी सांगितली."

"मग आता काय, सगळं बदलायचं?"

काकू उठून गॅलरीत गेली. तो मागे गेला. समोर ए विंगची भिंत होती, ओल धरलेली, पाइपांखाली काळे ओघळ उतरलेली. काकूने डावा डोळा झाकून ती भिंत बघितली. बराच वेळ बघितली.

"किती कळकट झालीय रे. एवढी? मला कुणी सांगितलं नाही."

मग हात बदलला, उजवा डोळा झाकला. चेहरा सैल पडला तिचा.

"डॉक्टर म्हणतोय दुसरा पुढच्या आठवड्यात करू," मुकुल म्हणाला. "अनयदादाने तारीख पण घेतलीय."

"सांग त्याला, महिना संपल्यावर. मालाडला गेल्यावर करू." ती अजून भिंतीकडेच बघत होती. "ह्याने अजून पिवळी दिसतेय. जाईपर्यंत राहू दे."

मग ती आत वळली. "आजचा पेपर आण. आडवे मी करते, उभे तू. आणि दूध बघ, वर येतंय."